विरामात मी

रविवारपासून एकच आवाज कानात बसलाय, आणि तो माझाच आहे.

रविवारी आमच्या कॉयरनं गायलेलं लॅटिन स्तोत्र ‘लोकुस इस्ते’ म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचं काम. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरनं 1869 साली लिंत्सच्या नव्या कॅथेड्रलमधल्या चॅपेलसाठी लिहिलेलं. वाद्यं नाहीत, चार आवाज, बस्स. शेवटाच्या जरा आधी सगळे एकदम थांबतात. चार-पाच मात्रा कुणीच नाही. आधीचा सूर छताला लागून विरतो आणि मग शेवटचे शब्द हलकेच येतात.

त्या शांततेत मी आले. एकटीच. अर्धं अक्षर.

कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आई फोनवर म्हणाली, “अगं, चुकते एखादी सम.” सम चुकली असती तर तबलजीनं सांभाळून घेतलं असतं. इथं सांभाळायला कुणी नसतं, तीच तर त्या जागेची गंमत. सहा वर्षं झाली इथे येऊन, आणि अजून... जाऊ दे.

मधे बेसवाले, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गप्प होतात, वरचे तीन आवाज ‘इर्रेप्रेहेन्सिबिलिस’ घोळवत राहतात. म्हणजे बोट ठेवायला जागा नाही असं. मी करून दिली की जागा!

रात्री ब्रुकनरबद्दलच वाचत बसले. 1867 मध्ये या माणसाला मोजण्याचं वेड लागलं होतं. दिसेल ते मोजायचा. बाड क्रॉयत्सनला तीन महिने गार पाण्याचे उपचार घेतले. आणि त्याच्याच गाण्यात मला पाचपर्यंत मोजता येऊ नये. सांक्ट फ्लोरियानच्या मठात ऑर्गनच्या खाली पुरलंय त्याला. तिथूनही मोजत असेल.

1877 मध्ये व्हिएन्नात त्यानं स्वतः तिसरी सिंफनी वाजवून घेतली, तर लोक उठून गेले. बारा वर्षांनंतरही तो तीच दुरुस्त करत होता. हे वाचून मला फार बरं वाटलं, मग लाज वाटली. त्याचं सभागृह रिकामं झालं होतं. माझ्या वेळी मागच्या बाकांवर बहुधा कुणीतरी खोकलं असंच वाटलं असेल.

खरं म्हणजे त्या विरामावर मीच पेन्सिलनं चष्मा काढून ठेवलाय, ‘वर बघ’ म्हणून. पाठ झालंय या तोऱ्यात मी पानही बघितलं नव्हतं आणि वरही. आज तालमीत त्या चष्म्याखाली मोठ्ठं ‘थांब’ लिहिलं. शेजारच्या आजींनी वाकून विचारलं, हे काय?

म्हटलं, नंबर वाढलाय.