झीरो बाजूला, पिको पुढे: मुलांच्या प्रोग्रॅमिंग वर्गाची नोंद

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला कॉम्प्युटर-बोर्ड वापरायचा बेत आता गुंडाळला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा बोर्ड आला तेव्हा किंमत होती १५ डॉलर, पण मिनी एचडीएमआय अडॅप्टर, ओटीजी हब (कीबोर्ड-माउस जोडायला), मेमरी कार्ड, बऱ्यापैकी पॉवर सप्लाय आणि मॉनिटर जोडेपर्यंत ती स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. रॅम ५१२ एमबी, त्यामुळे स्क्रॅच ३ ची (ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) आशाच नको. वर वीज गेली की कार्ड बिघडायची धास्ती. ओव्हरले फाइल सिस्टिम (कार्डावर काहीच न लिहिता सगळे बदल रॅममध्येच ठेवणारी सोय) लावली तर कार्ड वाचतं, पण मुलांनी केलेलं काम रीस्टार्टनंतर गायब.

त्यामुळे मुक्काम रास्पबेरी पायच्याच पिकोवर (जानेवारी २०२१, ४ डॉलर). काटेकोर बोलायचं तर हा कॉम्प्युटर नव्हे, मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. पण जुन्यापान्या डेस्कटॉपवर थॉनी (पायथन लिहायचा साधा एडिटर) टाकलं की काम भागतं, आणि वीज गेली तरी पिकोत सेव्ह केलेला प्रोग्रॅम तिथेच राहतो.

दोन मुलांमागे एक संच: पिको एच (याला पिना आधीच जोडलेल्या असतात, सोल्डरिंग वाचतं), ४०० भोकांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), ३ लाल एलईडी, ३३० ओहमचे ३ रेझिस्टर, २ पुश बटणं, १० जंपर वायरी आणि यूएसबी केबल. निळे एलईडी घेऊ नका; त्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि पिन देते ३.३, म्हणून ते मिणमिणतात.

केबल आधी तपासून ठेवा. घरातल्या मोबाइलच्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून केबल लावली की आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसायला हवा. नाही दिसला तर पहिला संशय केबलवर. दिसला की मायक्रोपायथनची (मायक्रोकंट्रोलरवर चालणारं छोटं पायथन) यूएफ२ फाइल त्यात टाका, बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. लिनक्सवर थॉनीला पोर्ट उघडता येत नसेल तर युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) आहे का ते बघा.

पिनांची नावं छापली आहेत बोर्डाच्या पोटाकडून, म्हणजे ब्रेडबोर्डवर बसवला की दिसेनाशी. ज्याने हे ठरवलं त्याने मुलांना कधी शिकवलं नसावं. कागदी पट्ट्या छापून दोन्ही कडांना चिकटवल्या आहेत. पण पिको बसल्यावर प्रत्येक पिनेमागे दोनच भोकं उरतात, ती पट्टीखाली जाऊ देऊ नका.

एलईडीला वेळ लागत नाही. खरा वेळ जातो बटणावर. पिन नुसती इनपुट केली तर बटण न दाबताही वाचन शून्य-एक असं नाचतं, कारण पिन अधांतरी असते. पुल-अप (पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारा आतलाच रेझिस्टर) लावला की नाच थांबतो, पण दाबलं की शून्य, सोडलं की एक. इथे निम्मा वर्ग गोंधळतो. म्हणून आम्ही बटण ३.३ व्होल्टला जोडून पुल-डाउन (पिनेला ग्राउंडकडे ओढणारा) वापरतो. पिको २ वर मात्र हे जपून करा. त्यावरच्या आरपी२३५० चिपच्या ए२ आवृत्तीत पिन एकदा वर गेली की अंतर्गत पुल-डाउन तिला खाली आणू शकत नाही, ती सुमारे २.२ व्होल्टवर अडकते. त्यावर बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. एका दाबाचे तीन दाब मोजले जात असतील तर २० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात, मायक्रोपायथन कुरकुर करत नाही. तरी लिनक्सवरच्या थॉनीत ‘दिवा’ लिहिलं की वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. तूर्त नावं मराठी, लिपी रोमन. आकडे तर इंग्रजीच हवेत. देवनागरी १५ ला मायक्रोपायथन संख्या मानत नाही, व्हेरिएबलचं नाव समजतो, आणि मग असं नावच नाही म्हणून एरर देतो.

फाइल सेव्ह करताना थॉनी कॉम्प्युटर की पिको असं विचारतं. केबल काढूनही प्रोग्रॅम चालायला हवा असेल तर पिको निवडा आणि नाव ‘मेन डॉट पीवाय’च द्या.

आता एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर). ५० हर्ट्झला १ मिलिसेकंदाच्या पल्ससाठी ड्यूटी (पल्स किती वेळ चालू, ६५५३५ पैकी) ३२७७, २ मिलिसेकंदांसाठी ६५५४. वीज ३.३ च्या पिनेवरून देऊ नका, ४० नंबरच्या व्हीबस पिनेवरून (यूएसबीचे ५ व्होल्ट) द्या. दोन सर्व्हो एकदम हलल्या की यूएसबी तुटते, तेव्हा दुसरीसाठी वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय, आणि त्याचा ग्राउंड पिकोच्या ग्राउंडला जोडलेला हवाच, नाहीतर सर्व्हो नुसती थरथरत राहते.