रात्री दोनची जाग आणि यवतेश्वरचा घाट

आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्री दोनला उठून त्यांची कूस बदलायला लागायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आत्या गेल्या, पण माझी दोनची जाग काही गेली नाही. डोळे टक्क उघडायचे, छातीत धडधडायचं, आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. दिवसा वकिलांच्या ऑफिसात खुर्चीत बसून टायपिंग. तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. "रोज घाम गाळा, तीन महिन्यांनी परत बघू," म्हणाले. ही तपासणी साधारण तेवढ्याच काळातली सरासरी साखर दाखवते, म्हणून तीन महिने.

साताऱ्याचं शाहू स्टेडियम घरापासून जवळ. पहाटे तिथे पोलीस भरतीची मुलं-मुली असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एकेका सेकंदासाठी जीव तोडून पळतात. मी आपली कडेकडेने चालायचे. माण तालुक्यातली एक मुलगी भरतीसाठी साताऱ्यात खोली करून राहिली होती. तिनेच एकदा हटकलं, "काकू, नुसत्या चालताय व्हय? पळा की जरा."

"दम लागतो गं."

"दम लागंल एवढं पळायचंच न्हाई. माझ्यासंगं बोलत पळा. बोलणं तुटलं की चालायचं."

पळण्याबद्दल नंतर मी पुष्कळ वाचलं, ऐकलं, पण ह्याहून कामाचं दुसरं काही सापडलं नाही. मिनिटभर पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा पळायचं. आठवड्यातून तीन-चार दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून. तिची सरावाची वेळ झाली की ती भिरभिरत निघून जायची, मी माझ्या गतीने. बोलता येईल अशा वेगाने पळत राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, आणि काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. दम लवकर सुधारतो. हाडं आणि सांधे मात्र सावकाश तयार होतात. म्हणून दम पुरतोय असं वाटलं तरी अंतर थोडंथोडंच वाढवायचं. नाहीतर नडग्या दुखायला लागतात.

कपड्यांचंही सांगते, कारण बायका हे एकमेकींना सांगत नाहीत. बुटाआधी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या. ओढणी घरी ठेवा. पहिले काही दिवस लोक बघतात, मग त्यांनाही सवय होते.

त्या मुलीच्या बोलण्यात सारखी ललिता बाबर यायची. "आमच्या माणची, मोहीची." २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय बाई. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून! मला काही पदक मिळवायचं नव्हतं, पण आपल्याच जिल्ह्यातली एक बाई तिथवर पळत गेली, ह्याने उठायला बळ यायचं हे खरं.

झोप नेमकी कधी परत आली, सांगता येणार नाही. एका पहाटे गजर वाजला आणि लक्षात आलं, आज मला गजराने जाग आलीये. बिछान्यात बसून राहिले थोडा वेळ. नवऱ्याला उठवून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून चहा टाकला.

स्टेडियमचे फेरे अंगवळणी पडल्यावर मी घाटात जायला लागले. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा चढ लागतो. रविवारी उजाडल्यावर कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून अंधारातच निघायचं, अंगावर चमकणारी पट्टी लावून. वरून दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली उतरत असतात. चढावर पावलं बारीक टाकायची, नजर चार पावलांपुढे. फार पुढचं वळण बघितलं की पाय जड होतात. खाली साताऱ्याचे दिवे, समोर अजिंक्यताऱ्याचा काळा कडा. आणि इथे, ह्या घाटात, मला आत्या भेटल्या असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण तसंच झालं. त्या गेल्यापासून डोळ्यांपुढे यायच्या त्या फक्त अंथरुणावरच्या. वाळलेल्या, हाक मारायचंही त्राण नसलेल्या. चढावर एकदा अचानक धडधाकट आत्या आठवल्या. श्रावणी सोमवारी यवतेश्वराला अनवाणी निघालेल्या, हातात बेलाची पिशवी, आणि मागे वळून मला, "चल की गं, तरण्याताठ्या पोरीला दम लागतो व्हय?" मी पळता पळता रडले. थांबले नाही. त्या आजारपणात मला एकदाही मोकळं रडता आलं नव्हतं. पळताना हलकं वाटण्याचं श्रेय पूर्वी सगळं एंडॉर्फिनला द्यायचे. अलीकडचे अभ्यास शरीर स्वतःच बनवतं त्या एंडोकॅनाबिनॉइडकडे बोट दाखवतात. रसायन कुठलंही असो, जे दुःख मी घरात भांडी घासत दाबून ठेवलं होतं ते श्वासाबरोबर सुटायला लागलं. पळणं म्हणजे औषधाला पर्याय, असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यांचं मन फार खचलंय त्यांनी डॉक्टरांकडे जावंच. पण मला ह्याने हात दिला.

पुढच्या सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. २०१२ पासून होते ही. २१ किलोमीटर, अर्धा रस्ता चढ, अर्धा उतार. पावसाची भुरभुर, धुकं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी शाळकरी पोरं. चढ मी चालत-पळत पार केला, बोलणं तुटेपर्यंत कुठेच ताणलं नाही. खरी परीक्षा उताराला असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता शरीराचा भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणं मुश्किल होतं. दोन-तीन दिवसांत ओसरतं, घाबरायचं कारण नाही. तयारीत घाट नुसता चढू नका, उतरायचाही सराव ठेवा.

एचबीएवनसी आता ५.६ आहे. सकाळी उठल्या उठल्या नाडी ८४ असायची, ती ६६ वर आलीये. माणची ती पोरगी भरती झाली, ट्रेनिंगला गेली, फोन आला की आधी विचारते, "काकू, बोलत पळताय न्हवं?" आणि माझ्या धाकट्या जाऊबाई परवा बूट कुठले घ्यावेत म्हणून विचारत होत्या. म्हटलं, दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा घ्या, आणि सोमवारी साडेपाचला खाली या.