गोष्ट उचलून दुसऱ्या शहरात ठेवली तर? (वहीतली तिसरी नोंद)

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं होतं की एका शहरातल्या छोट्या प्रेमकथांचे अँथॉलॉजी सिनेमे (म्हणजे वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या छोट्या गोष्टी एकत्र बांधलेले) सालवार बघून काढणार. तो बेत मोडला. १९५३पासून सुरुवात केली, १९६५पर्यंत शहाण्यासारखा आलो आणि मग राहवेना, थेट २००६वर उडी मारली. वहीत सालांची खिचडी झाली आहे.

पण त्या खिचडीतून एक चाचणी सापडली. गोष्ट संपली की सिनेमा थांबवायचा आणि विचारायचं: हीच माणसं, हेच संवाद उचलून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवले तर काही बिघडेल का? बिघडत नसेल तर समोर ‘उ’, म्हणजे उचलता येणारी. बिघडत असेल तर ‘रु’, म्हणजे रुजलेली. अगदी सोपं वाटलं होतं.

‘पारी, ज तेम’ (२००६) या वेळी तीन रात्रींत पाहिला, रोज सहा गोष्टी. पॅरिसच्या वीस विभागांवर वीस गोष्टी असा मूळ बेत होता. अकराव्या आणि पंधराव्या विभागाच्या गोष्टी गळाल्या, अठरा उरल्या. सिनेमा दोन तासांचा, म्हणजे एकेकीच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा मिनिटं. तेवढ्यात ओळख, ओढ, भांडण आणि समेट असं सगळं कोंबणाऱ्यांची दमछाक दिसते. ज्यांनी एकच वळण ठेवलं आणि तेही शेवटाकडे, त्यांच्या गोष्टी दुसऱ्यांदा बघतानाही टिकल्या. अल्फोन्सो क्वारोनची गोष्ट घ्या. एक म्हातारा आणि एक तरुणी रस्त्याने बोलत चालली आहेत, सगळं एकाच शॉटमध्ये. त्यांचं नातं काय याबद्दल आपण मनात जे काही रचतो ते शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोसळतं. पण खरं सांगायचं तर चाचणीत ती नापास. फुटपाथ आणि दुकानांचे दिवे कुठेही मिळतात. ‘उ’ लिहिला, जरा जिवावर आलं.

गाडी अडली ती वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस यांच्या गोष्टीपाशी. उपनगरातली एक तरुण आई अंधार असतानाच आपलं बाळ पाळणाघरात ठेवते. ते रडतं, ती अंगाई गाऊन त्याला निजवते. मग गाड्या बदलत बदलत श्रीमंतांच्या सोळाव्या विभागात पोचते, आणि तिथे मालकिणीचं बाळ रडायला लागल्यावर तीच अंगाई त्याला म्हणते. एवढंच. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वहीत ‘प्रेमकथा नाही’ असं खरडून पुढे गेलो होतो. ती ओळ आज वाचून लाज वाटली. अख्ख्या सिनेमात एवढं प्रेम दुसरीकडे कुठे आहे?

पण मुद्दा चाचणीचा. ही गोष्ट कुठल्याही मोठ्या शहरात घडेल, रोज घडतेच. म्हणजे नियमाप्रमाणे ‘उ’. तरी ती रुजलेली आहे हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं. दोन दिवस यावर डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा होता. शहराचं नाव बदलता येतं का, हे विचारून काही कळत नाही. गोष्टीत शहर कुठलं काम करतंय, ते विचारायला हवं. इथे शहर अंतर पुरवतं. तो लांबलचक प्रवास कापून टाका, दोन्ही बाळं एका गल्लीत आणा, गोष्ट मेली.

मग जुना रकाना खोडला आणि नवा आखला: ‘शहराचं काम’. कोएन बंधूंच्या गोष्टीत हे काम मेट्रोचा फलाट करतो. समोरच्या फलाटावर एक जोडपं आहे, आणि कोणाच्या नजरेला नजर देऊ नये असं मार्गदर्शक पुस्तकात वाचत असतानाच पर्यटक नेमकं तेच करून बसतो. मध्ये रूळ आहेत म्हणून बघण्याची हिंमत होते. पर्यटक झालेला स्टीव्ह बुशेमी अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, त्याची गरजच पडत नाही.

‘न्यू यॉर्क, आय लव्ह यू’ (२००८) मधल्या मीरा नायरच्या गोष्टीत ते काम हिऱ्यांचा बाजार करतो. इरफानचा जैन व्यापारी आणि नॅटली पोर्टमनची लग्नाच्या उंबरठ्यावरची हसिदी (कट्टर सनातनी पंथाची) ज्यू मुलगी एरवी एका टेबलाशी बसलीच नसती. भावाची घासाघीस चालू असताना बोलणं कोणाला काय खायचं वर्ज्य आहे त्यावर येतं, आणि बघता बघता दोघं भलतीच जवळ येतात. याच सिनेमातली शेखर कपूरची गोष्ट मात्र जवळपास एका हॉटेलच्या खोलीतच घडते. ती अँथनी मिंगेलाने लिहिली होती. २००८मध्ये तो गेल्यावर कपूरने दिग्दर्शन केलं. नव्या रकान्यात तिच्यापुढे काही लिहिता आलं नाही, रकाना रिकामा. आणि तरीही ती मला या सिनेमात सर्वांत जास्त आवडते. वहीला काय कळतंय!

गोष्टींमधल्या सांध्यांबद्दल थोडं. पॅरिसवाला प्रत्येक गोष्टीआधी वस्तीचं नाव दाखवतो, न्यू यॉर्कवाला गोष्टी एकमेकींत मिसळून टाकतो आणि मधून व्हिडिओ कॅमेरा घेतलेली मुलगी फिरवतो. मला पाटी लावलेली बरी वाटते. पाटी आली की मागचं पुसायला एक क्षण मिळतो.

एक प्रयोग फसला, तोही सांगतो. पॅरिसच्या गोष्टी उलटसुलट क्रमाने लावून पाहिल्या आणि अलेक्झांडर पेनची शेवटची गोष्ट सुरुवातीला घेतली. डेन्व्हरची पोस्टात काम करणारी मध्यमवयीन बाई एकटीच पॅरिसला येते आणि शिकाऊ, अडखळत्या फ्रेंचमध्ये आपल्या सहलीचा निबंध वाचते. शेवटी बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या ती शहराच्या प्रेमात पडते. पहिली म्हणून बघितली तर निव्वळ गंमत वाटली. सतरा जोड्या बघून झाल्यावर ही एकटी येते, तेव्हाच घशात काहीतरी अडकतं. क्रम लावणाऱ्याला सलाम.

जुन्यांपैकी १९५३चा ‘लामोरे इन चित्ता’ रोममधला, पटकथाकार चेझारे झावात्तिनीच्या कल्पनेतून आलेला. सहा तुकडे, बराचसा वार्ताहरी बाज, फेलिनीचा लग्न जुळवणाऱ्या संस्थेवरचा तुकडा सोडला तर मन फार रमलं नाही. १९६५चा ‘पारी व्यू पार’ मात्र पुन्हा बघणार आहे, तोही घड्याळ लावून. झां रूशच्या गोष्टीत नवरा-बायकोचं भांडण, लिफ्ट, रस्ता आणि रुळांवरचा पूल हे सगळं एका दमात घेतल्यासारखं दिसतं. दोन शॉट जोडणारा कट लिफ्टच्या अंधारात लपवला आहे, आणि मला तो अजून नीट पकडता आलेला नाही.

‘रिओ, एउ ते आमो’ (२०१४) अर्धाच झाला आहे. बराचसा भाग पोस्टकार्डासारखा. पण जुझे पाडिल्याच्या गोष्टीत ग्लायडरवरून उडत एक माणूस डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याला फैलावर घेतो. ते दृश्य दाखवायला तिथल्या धर्मपीठाने आधी नकार दिला होता, नंतर परवानगी दिली. ही गोष्ट तर जुन्या चाचणीतही ठणठणीत पास.

आता एक अडलेला प्रश्न तुमच्याकडे टाकतो. वाँग कार-वाईचा ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ (१९९४) या यादीत धरायचा का? हाँगकाँग एकच, प्रेमकथा दोन, पण दिग्दर्शकही एकच. तिसरी गोष्ट त्यातून बाहेर पडून पुढे स्वतंत्र सिनेमा झाली, त्यामुळे उरलेला सिनेमा अर्धवट अँथॉलॉजीच वाटतो. त्याचा एक छायाचित्रणकार ख्रिस्तोफर डॉयल, ज्याने पुढे पॅरिसच्या अठरांतली एक गोष्ट दिग्दर्शित केली. तेवढ्या नात्यावर मी त्याला पेन्सिलने शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. शाईने लिहायचं की खोडायचं, ते सांगा.