सत्तावन्नची बेल एअर आणि रिकामी ड्रायव्हर सीट

माझ्या शेजाऱ्याकडे 1957 सालची शेव्हरोले बेल एअर आहे आणि तिच्यात पेट्रोल कुठून भरायचे, हे नवख्या माणसाला सांगितल्याखेरीज सापडत नाही. मागच्या डाव्या पंखाच्या कडेला क्रोमची एक उभी पट्टी आहे. ती बोटाने ओढली की कपाटाच्या दारासारखी उघडते आणि आत टाकीचे झाकण दिसते. पंपावर शेजारच्या गाडीतला एखादा तरुण हमखास थांबून पाहतो, आणि शेजारीही जणू पहिल्यांदाच दाखवत असल्यासारखी ती पट्टी दोनदा उघडून मिटून दाखवतो. तो आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याचे सारे आयुष्य मोटारींच्या कारखान्यात गेले.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूपासून चार मैलांवर राहतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर ‘ड्रीम क्रूझ’ असते. 1995 साली फर्नडेल गावातल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करावेत, एवढ्या साध्या हेतूने ती सुरू झाली आणि आता त्या दिवशी मैलोन्‌मैल जुन्या गाड्यांची रांग लागते. लोक सकाळपासून फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. 1964 साली बाजारात आलेल्या पहिल्या मस्टँग, पॉन्टियाकच्या जीटीओ, 1959 च्या कॅडिलॅकचे ते बंदुकीच्या गोळ्यांसारखे जोडदिवे लावलेले उंच पंख, असे सगळे समोरून बैलगाडीच्या वेगाने जात राहते. याच वुडवर्डवर 1909 साली देशातला पहिला मैलभर काँक्रीटचा महामार्ग घातला गेला, त्यामुळे मोटारींची जत्रा भरायला याहून योग्य ठिकाण शोधूनही मिळाले नसते. या गाड्यांपैकी कित्येकांच्या कंपन्यांची नावे मात्र आता फक्त त्यांच्या बॉनेटवरच उरली आहेत: प्लिमथ 2001 मध्ये बंद झाली, ओल्ड्समोबिल 2004 मध्ये आणि पॉन्टियाक 2010 मध्ये.

प्लिमथ हा शब्द मी अमेरिकेत येण्याच्या कितीतरी आधी ऐकला होता. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून उभारलेल्या त्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. वडील घरी आले की त्या भागांविषयी असे बोलत की जणू पाहुणेच उतरले आहेत. खोक्यांवर ‘डेट्रॉइट’ लिहिलेले असे, म्हणून त्या शहराचे नाव आमच्या चाळीत मुंबईखालोखाल परिचयाचे होते. 1978 साली मी इथे आलो, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि एकतीस वर्षे तेच काम करून निवृत्त झालो. म्हणजे माझी जुन्या गाड्यांची ओढ ही गिऱ्हाइकाची नाही, कारागिराच्या घरातली आहे. आणि पुढे ज्या शंका मांडणार आहे, त्याही ब्रेकवाल्याच्याच आहेत.

बेल एअर सुरू करणे हा एक विधी आहे. ॲक्सिलरेटर एकदा पुरता दाबून सोडायचा म्हणजे चोक बसतो, मग किल्ली फिरवायची, मग इंजिनाचा खोकला थांबेपर्यंत वाट पाहायची. आतमध्ये तापलेल्या रेक्झिनचा आणि कच्च्या पेट्रोलचा मिळून एक वास येतो. तिचे वायपर विजेवर नव्हे तर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतात. त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की नेमके पावसातच ते सुस्तावतात आणि पाय उचलला की चवताळल्यासारखे काच पुसू लागतात. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे ती गाडी अशी वायपरमधूनसुद्धा सांगते. बॉनेट उघडले तर 283 घनइंचांचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि भोवती इतकी मोकळी जागा, की एखादा नट हातातून निसटला तर तो थेट जमिनीवर सापडतो.

पण त्या गाडीच्या ब्रेकविषयी मी शेजाऱ्याला पहिल्या दिवसापासून बोल लावत आलो आहे. चारही चाकांना जुन्या धाटणीचे, उशिरा पकड घेणारे ड्रम ब्रेक, आणि पेडलचा दाब तेलावाटे चाकांपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर एकच. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र दोन मार्ग ही व्यवस्था अमेरिकी गाड्यांमध्ये 1967 पर्यंत सरसकट झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. काही वर्षांपूर्वी नेमके तेच झाले. आम्ही दोघे आइस्क्रीम खायला निघालो होतो. उतारावर सिग्नल लाल झाला, त्याने पेडल दाबले आणि ते सरळ तळाला टेकले. त्याने न बोलता गिअरचा दांडा ‘लो’वर ओढला, डॅशबोर्डाखालची हँडब्रेकची मूठ खेचली आणि गाडी उजवीकडच्या गवतावर घातली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. मी गाडीखाली वाकून पाहिले तर मागच्या ॲक्सलवरून जाणारी पोलादी नळी आतून गंजून टाचणीएवढे भोक पडले होते आणि तिथून तेल ठिबकत होते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, पाण्याने नळी आतून गंजते. ते वेळेवर बदलले नाही, एवढेच कारण. “दोन दिवस पेडल जरा खाली जात होतं,” तो गवतावर बसून म्हणाला. गाडीने त्याला सांगितले होते, त्याने ऐकले नव्हते.

जुन्या गाड्या चांगल्या होत्या, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या काळात धडक झाली की स्टिअरिंगचा ताठ दांडा छातीत घुसून माणसे मरत. 1966 साली वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा अमेरिकेत दर 10 कोटी मैल प्रवासामागे साधारण 5.5 माणसे रस्त्यावर मरत होती. अलीकडच्या वर्षांत तो आकडा 1.3 च्या आसपास आहे. पट्टे, दाबले जाणारे स्टिअरिंग, दुहेरी ब्रेक यांनी हा फरक घडवला आणि त्यात खारीचा वाटा आमचाही आहे. तरीही वर्षाला 40,000 च्या आसपास माणसे या देशाच्या रस्त्यांवर मरतात. त्यांतली पुष्कळशी झिंगलेल्या, पेंगुळलेल्या किंवा फोनमध्ये डोके घातलेल्या चालकांमुळे मरतात. म्हणून न पिणारा, न पेंगणारा चालक हवा, हे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

आणि हे स्वप्न काही सिलिकॉन व्हॅलीचे नव्हे, आमच्याच शहराचे आहे. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्यूचरामा’ नावाचे दालन उभारले होते, त्यात 1960 सालच्या महामार्गांवर गाड्या आपोआप एकमेकींपासून अंतर राखून धावतील असे दाखवले होते. 1956 साली याच कंपनीने टायटॅनियमच्या अंगाची, गॅस टर्बाइनवर चालणारी फायरबर्ड-2 मिरवली आणि रस्त्याच्या मार्गदर्शनावर ती आपली आपण चालेल असे सांगितले. म्हणजे एकीकडे शेजाऱ्याच्या बेल एअरचे पंख आखले जात होते, तेव्हाच दुसरीकडे तिच्या चालकाला निवृत्त करण्याचा बेतही शिजत होता. मात्र 2004 साली मोहावीच्या वाळवंटात संरक्षण खात्याने लावलेल्या चालकविरहित गाड्यांच्या शर्यतीत सर्वांत पुढे गेलेली गाडीसुद्धा साधारण साडेसात मैलांवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी 132 मैलांची शर्यत पुरी केली आणि तिथून पुढचे सगळे झपाट्याने झाले.

माझी मुलगी ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलर गावी राहते. गेल्या हिवाळ्यात तिने आम्हा नवरा-बायकोला चालकविरहित टॅक्सीत बसवले. गाडी दारात आली, आम्ही मागे बसलो, पट्टे लावले आणि पुढची सीट रिकामी असताना स्टिअरिंग आपले आपण फिरू लागले. खरे सांगायचे तर त्या यंत्राने गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवली. पिवळा दिवा पाहून घाई केली नाही, सायकलवाल्याला भरपूर जागा दिली, वळणावर पोटातले पाणी हलू दिले नाही. ही पाचव्या मिनिटाला डोळे मिटून स्वस्थ झाली. मी मात्र उतरताना पाहिले तर माझ्या उजव्या बुटाखालची सतरंजी गोळा होऊन पुढे सरकली होती. प्रत्येक सिग्नलला मी तिथे नसलेला ब्रेक दाबत आलो होतो.

त्याच भागात, टेंपी गावी, 18 मार्च 2018 च्या रात्री चाचणीवरच्या एका स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली आणि ती मेली. वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याचा तपास केला. गाडीच्या यंत्रणेला ती बाई धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा क्षणात वाहन, क्षणात सायकल, क्षणात काहीतरी अनोळखी अशी तिची ओळख बदलत राहिली, कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडतो, ही गोष्ट तिला शिकवलेलीच नव्हती. सगळे आयुष्य ब्रेकमध्ये घालवलेल्या माणसाला 5.6 सेकंद म्हणजे किती, ते सांगावे लागत नाही. त्या वेळात गाडी थांबवून खाली उतरायलाही काही क्षण उरले असते. पुढे कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सरकारी वकिलांनी ठरवले. देखरेखीसाठी स्टिअरिंगमागे बसवलेल्या, त्या वेळी फोनकडे पाहत असलेल्या बाईने 2023 साली गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचे प्रोबेशन झाले. तिची चूक होतीच. पण सायकल हातात घेऊन चालणारा माणूस ज्यांच्या आराखड्यात नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न कोर्टात आलाच नाही.

माझी शंका इथे आहे. गंजलेल्या नळीवर मला बोट ठेवता आले. कारण दिसले, ते कुणाच्या हलगर्जीपणामुळे झाले तेही दिसले, आणि शेजाऱ्याने ते मान्य केले. माझ्या आताच्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. दोन वर्षांपूर्वी भर हायवेवर एका पुलाच्या सावलीत शिरताना तिने मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला आणि मागचा ट्रक आमच्यावर येता येता राहिला. गॅरेजमध्ये त्यांनी संगणक जोडला, वीस मिनिटे पाहिले आणि कोणताही दोष नोंदलेला नाही, असे छापील कागदावर लिहून दिले. मी ब्रेकवाला आहे असे सांगितल्यावर तिथला मुलगा अदबीने म्हणाला, “पण यात ब्रेकचं काहीच नाही, सर.” खरेच होते. ब्रेकने सांगितलेले काम चोख केले होते. सांगितले कुणी आणि का, हे विचारायला जागा नव्हती.

शिवाय फिनिक्सचे रस्ते कोरडे आणि रुंद, आभाळ बहुधा निरभ्र. आमच्याकडे जानेवारीत रस्त्यावरच्या पट्ट्या बर्फाखाली जातात, तीन लेनच्या रस्त्यावर लोक न बोलता दोन लेन पाडतात आणि पुढच्याच्या चाकोरीतून जातात. समोरचा काचेआडून हात हलवतो, आपण मान हलवतो आणि जातो. ॲन आर्बरच्या विद्यापीठाने 2015 पासून ‘एमसिटी’ नावाचे 32 एकरांचे खोटे गाव वसवून तिथे अशा गाड्यांची परीक्षा चालवली आहे. तिथे बर्फ खराच पडतो. पण हात हलवणारा माणूस कसा उभा करतात, हे मला पाहायचे आहे.

एवढे लिहूनही मला ठाऊक आहे की पाच-सात वर्षांत मीच अशा गाडीच्या दारात उभा असेन. रात्री समोरचे दिवे आताच फुटल्यासारखे दिसतात, आमच्या गल्लीत बस येत नाही, आणि गाडी सुटली की इथे माणूस घरात कोंडला जातो. शेजाऱ्याचे तर या जुलैत मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्यामुळे यंदाच्या क्रूझला त्याने बेल एअरची किल्ली पहिल्यांदा माझ्या हातात दिली आणि स्वतः उजव्या बाजूला बसला. मी ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला, खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वुडवर्डला लागलो. ‘थर्टीन माइल’ नावाच्या रस्त्याच्या चौकात दिवा लाल झाला. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि कडेने पाहिले, तर त्याचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर घट्ट रोवलेला होता.

“जरा आधीपासून दाब,” तो म्हणाला, “ड्रम आहेत.”