डाउनवेल: जमिनीला पाय न लावता
सध्या रात्री कामं आटपली की मी ‘डाउनवेल’ हा व्हिडिओ गेम घेऊन बसते. एक पोरगा विहिरीत उडी मारतो आणि खाली, अजून खाली पडत राहतो. बुटांना बंदुका लावलेल्या. गोळी खालच्या शत्रूला लागते आणि तिच्याच धक्क्याने पडण्याचा वेगही मंदावतो. उडी, मारा आणि ब्रेक, सगळं एकाच बटणात! ही कल्पना मला अफाट आवडते.

गोळ्या मोजक्याच. जमिनीवर टेकलं किंवा शत्रूच्या डोक्यावर पाय दिला की पुन्हा भरतात. पण जमिनीवर टेकलं की कॉम्बो, म्हणजे न टेकता सलग मारलेल्या शत्रूंची साखळी, तुटतो, म्हणून खरी मजा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर उतरत जाण्यात. लाल शत्रूंवर मात्र पाय द्यायचा नाही, त्यांना गोळीच घालायची. सुरुवातीला पडद्यावर काळा, पांढरा आणि लाल एवढेच रंग, त्यामुळे भर गोंधळातही धोका चटकन दिसतो. मोठमोठ्या गेम्सनाही हे साधत नाही.

२०१५ साली आलेला हा गेम ओजिरो फुमोतो या जपानी तरुणाने बनवला. त्याने ऑपेरा गायनाचं शिक्षण घेतलं होतं. (खेळातली लय तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.)

बंदुकांमध्ये माझी लाडकी शॉटगन. जवळून एकच बार, आणि पोरगा हवेत चांगलाच थबकतो.