राहूड घाटापलीकडची कातरणी

राहूड घाट उतरला की मालेगावचा रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना कांदाच कांदा. शिवरात्र नुकतीच झाली होती. आम्ही निघालो होतो चंदनपुरीला, खंडोबाच्या बानूबाईच्या माहेरी. पौष पौर्णिमेची यात्रा होऊन गेलेली, म्हणजे दर्शन निवांत होणार. सोबत भाची. ती पुण्यात शिकते. दूध, मध, रेशीम, लोकर असं जनावराकडून आलेलं काहीच वापरत नाही. नाशिकहून पहाटे निघताना तिच्या अंगात जाड पॉलिएस्टरचं जॅकेट होतं, त्यावरून पिंपळगाव येईपर्यंत आमची जुंपलीच.

उमराण्याच्या अलीकडे, रांगडा कांदा निघालेल्या एका शेतात धनगरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरला होता. दोन घोडी, कोंबड्यांची डालगी, वाघरीत कोंडलेली कोकरं. शेतमालकाने खतासाठी मेंढरं बसवली होती. बाभळीखाली कातरणी चालली होती. गाडी थांबवायला भाचीनेच लावलं.

मेंढी आडवी, चारही पाय एकत्र बांधलेले. कातरणारा तिच्या बरगडीशी गुडघा टेकून बसलेला, उजव्या हातात लांब पात्यांची कातर. पण मी बघत राहिले त्याचा डावा हात. तो कातडी ताणून धरतो, कातर पुढे सरकली की हातही पुढे. कातडी सैल पडली की घडी पात्यात सापडते. लोकर सुटी होऊन पडत नाही, काळी गोधडी उलगडावी तशी सलग निघत जाते. वरून धुळीने तांबूस, आतून काळीभोर आणि तेलकट. मांडीपाशी एकदा पातं लागलंच. रक्ताचा बारीक ओघळ आला, त्यावर हळद दाबली आणि काम पुढे सुरू.

"लागतं ना बाबा त्यांना?" भाचीने विचारलं.

"लागलं तं लागतंच की, पोरी. म्हून तं घाईचा मानूस बोलवत न्हाई." कळपाचे मालक म्हातारबाबा मेंढीचे पाय सोडत म्हणाले. "आन् न्हाई कातरलं तं? उन्हात धापा टाकत्यात, गोचीड व्हतो, पावसात भिजली का लोकर जड व्हती."

खरं आहे. रानमेंढीची लोकर आपोआप झडते; माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून न झडणारी लोकर पैदा केली आणि मेंढी कातरीवर अवलंबून राहिली. ऑस्ट्रेलियात 2015 साली कळपातून भरकटलेला एक मेरिनो जातीचा मेंढा सापडला होता. त्याच्या अंगावरून 40 किलोंहून जास्त लोकर निघाली. आमच्या दख्खनी मेंढीला वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास येते, तीही राठ.

भाचीचा राग मुळात त्या मेरिनोवरून. जास्त लोकर मिळावी म्हणून त्या मेंढीची कातडी सुरकुत्यांची झाली, शेपटीखालच्या घड्यांत ओल धरते, माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत जनावर खातात. त्यावर ऑस्ट्रेलियात उपाय निघाला म्युलसिंगचा : कोकराच्या मागच्या भागाची कातडी पट्ट्यांनी कापून टाकायची. न्यूझीलंडने 2018 मध्ये ही पद्धत बंद केली, ऑस्ट्रेलियात ती अजून चालते. भाचीने बाबांना हे मोबाइलवर दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"कातडंच काढत्यात? आन् मंग बसतं कसं ते पिल्लू?"

दख्खनी मेंढीला तसल्या घड्याच नाहीत, त्यामुळे हा प्रकार इथे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. मात्र नगावर मजुरी दोन्हीकडे. तिकडे एकेक जण मशिनने दिवसाला दीडशेवर मेंढ्या उरकतो, आणि घाई वाढली की जखमा वाढतात. इथे माणूस दोन मेंढ्यांच्या मध्ये तंबाखू मळतो.

मग पैशाचं निघालं. कातरणाऱ्याला द्यावे लागतात तेवढेही लोकरीचे सुटत नाहीत, असं बाबा म्हणाले. बाभळीच्या बुंध्याशी ढीग पडला होता, तो न्यायला कुणी येणार नव्हतं. वाड्यातल्या पांघरुणांत मला एकच घोंगडी दिसली. बाकी सगळी बाजारातली ॲक्रिलिकची ब्लँकेटं. "पोट कोकरावं," बाबा म्हणाले. बोकड-कोकरं खाटकाला जातात, म्हणून लोकर कमी नि अंग जास्त असलेले माडग्याळ जातीचे नर आता कळपात घालतात.

तेव्हा या मेंढीची लोकर नाकारून तिचं काय भलं होतं, ते मला कळत नाही. ती लोकरीसाठी पाळलीच जात नाही. तिचा प्रश्न मटणाचा आहे, आणि त्यावर बोलायचा हक्क माझ्यापेक्षा भाचीला जास्त, कारण मी मटण खाते.

चंदनपुरी तिथून फार लांब नाही. गिरणेच्या काठचं गाव. बानूसाठी खंडोबा इथे मेंढरं राखायला राहिला, तिच्या बापाची सगळी मेंढरं मारली आणि लग्नाला होकार मिळाल्यावर ती पुन्हा उठवली, अशी कथा. "म्हणजे देवानेही आधी मारलीच," भाची म्हणाली. गुरवाने ऐकलं असावं, पण त्याने फक्त भंडारा कपाळाला लावला.

बाहेर एकाकडे हातमागाच्या चार-पाच घोंगड्या होत्या. चिंचोक्याची खळ दिलेली, हाताला टोचणारी. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची, एकच होती. मऊ आणि महाग. भाचीने दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, लोकर कुठली, कातली कुणी, सगळं विचारलं. "पांघरणार नाही," म्हणाली, "पण अंथरायला चालेल." मी भाव पाडायला तोंड उघडलं तर माझं कोपर दाबलं आणि सांगितलेले पैसे पुरते द्यायला लावले. माझ्याच पर्समधून.