हर्स: शेतातून स्मशानापर्यंत

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत शवपेटी घेऊन येणाऱ्या गाडीला इंग्रजीत ‘हर्स’ म्हणतात. स्पेलिंग पाहून ‘हिअर्स’ वाचू नका. पेटी म्हणजे ‘कॉफिन’, गाडी म्हणजे ‘हर्स’. बातम्यांत यांची अदलाबदल सर्रास होते.

शब्दाचं मूळ मात्र शेतात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हर्स’ म्हणजे ढेकळं फोडायचं दातेरी अवजार, आपल्या दाताळ्याच्या कुळातलं. ते लॅटिन ‘हिर्पेक्स’वरून आलं, त्यामागे इटलीतल्या ऑस्कन भाषेतला ‘हिर्पुस’, म्हणजे लांडगा, असावा असं मानतात. दात दोघांनाही!

चर्चमध्ये मेणबत्त्या खोचायची खिळ्यांची त्रिकोणी चौकट या अवजारासारखी दिसे, म्हणून तिलाही तेच नाव पडलं. पुढे शवपेटीवर उभारायची मेणबत्त्यांची चौकट ‘हर्स’ झाली आणि 17व्या शतकात पेटी वाहणारी गाडी.

आणि दादर-गिरगावातल्या नाटकवाल्यांची ‘रिहर्सल’? तीही याच घरातली. ‘रि’ म्हणजे पुन्हा: तेच रान पुन्हा उकरायचं, म्हणजे तेच संवाद पुन्हा घोळवायचे. ‘हॉर्स’शी, म्हणजे घोड्याशी, मात्र काही नातं नाही, गाडीला पूर्वी घोडे जुंपत असले तरी.